नायकणीच्या वाडग्यातली माती

आमच्या नायकणीच्या अंगणात वरण सांडलं तर बोटाने निपटून खावं, असं तांड्यात म्हणत. कुणी खाल्लेलं मी पाहिलं नाही, पण अंगण तसं होतं खरं. नायकण म्हणजे माझी सासू, बिजलीबाई. सासरा देवसिंग दिग्रसजवळच्या आमच्या तांड्याचा नायक, म्हणून ती नायकण. मी तिला तोंडावर याडीच म्हणत असे. आमच्यात आईला याडी म्हणतात. पण माझी जन्मदाती याडीही या गोष्टीत आहे, तेव्हा घोटाळा नको म्हणून सासूला इथे नायकणच म्हणते. आणि घरात आम्ही बोलायचो गोरमाटी. ती तुम्हाला कळायची नाही, म्हणून सगळ्यांच्या तोंडी मी वऱ्हाडी घातली आहे. कुणी रागावू नये.

नायकण पहाटे उठून शेण कालवायची. तिचा हात भिंतीपासून सुरू व्हायचा आणि फाटकापाशी थांबायचा, मध्ये कुठे जोड दिसायचा नाही. कडेने पांढऱ्या मातीची रेघ. वाळलं की लाकडी चोपणीने चोपायचं. त्यावर कुणी चपलेने आलं तर त्याच्या सात पिढ्यांची उजळणी व्हायची. आणि तिचं तरी काय चुकत होतं? तांड्याची तीज नायकाच्याच अंगणात होते. श्रावणात लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांमध्ये माती भरून गहू पेरतात, रोज पाणी घालतात, संध्याकाळी फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटच्या दिवशी ती हिरवी रोपं खुडून सगळ्यांना वाटतात. एवढा तांडा ज्या अंगणात नाचणार, ते अंगण नायकणीच्या अब्रूचं असतं. शेजारी तांड्याच्या कारभाऱ्याचं, म्हणजे नायकाच्या हाताखालच्या धावजीचं घर. त्याची बायको शकुबाई हिचा डोळा कायम आमच्या अंगणावर. तीज आपल्या दारात यावी, ही तिची जुनी इच्छा. ती बोलून दाखवत नसे, पण आमच्या सारवणाला कुठे तडा गेला की सगळ्यात आधी तिलाच दिसायचा.

या नायकणीला माझं माहेर आवडत नव्हतं. आमचा तांडा कळंबच्या बाजूचा. सोयरीक ठरवायला ती आली तेव्हा माझ्या याडीच्या घरामागे पालापाचोळा, कुटार म्हणजे मळणीचा भुसा, राख असं सगळं पसरलेलं होतं. एका कोंबडीने पायाने असं कुटार उडवलं की ते नायकणीच्या घागऱ्यावरच्या आरशांवर जाऊन बसलं. ती सोयरीक मोडली नाही हे माझं नशीब. पण लग्नानंतर कधी माझ्या हातून केर राहिला, की हिचं ठरलेलं वाक्य यायचं, "तुया माहेरी झाडणी गहाण पडली होती का व?" मी घुंगटाआड दात खायची आणि झाडणी हातात घ्यायची.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी माझी याडी गेली. हिवाळ्यात गेली, आणि ज्येष्ठात माझा भाऊ सेवादास डोक्यावर टोपलं घेऊन दारात उभा राहिला. टोपल्यात याडीच्या कोंबड्या. तो यवतमाळला तेलघाणीवर कामाला लागला होता, बायको घेऊन एका खोलीत राहणार होता. एस.टी.त कंडक्टरशी भांडून त्याने ते टोपलं दिग्रसपर्यंत आणलं आणि पुढे पायी आला.

"बाजारात नेल्या होत्या मी ह्या," तो म्हणाला. "गिऱ्हाईकानं कबरीचे पाय धरले अन् मले याडीच दिसली. तसाच वापस आलो. तूच ठेव, जमनी."

कबरी ही त्यातली म्होरकी. ठिपक्याठिपक्यांची, जाडजूड, आणि स्वभावाने थेट याडीसारखी, म्हणजे कुणाचं न ऐकणारी. मी तिला पोटाशी धरलं आणि जी रडले ती चूल विझेपर्यंत. याडीचं घर गेलं होतं, भांडी वाटली गेली होती. माझ्या वाट्याला आलेलं तिचं असं काही असेल तर ते एवढंच, चार-पाच कोंबड्या आणि एक तुरेवाला कोंबडा.

नायकणीने मला रडू दिलं. मग भावाला चहा दिला, आणि तो गेल्यावर अट सांगितली.

"ठेव कोंबड्या. माह्यं काही म्हननं नाही. पन अंगणात एक नख जरी उमटलं त पाह्य. तीज येऊन राह्यली. तिजेपरेंत ह्या मागं राह्यल्या त राह्यल्या, नाही त दिग्रसचा बाजार काही लांब नाही."

घरामागे तुराट्यांचं कुंपण घालून आम्ही वाडगं केलं, कोपऱ्यात खुराडं बांधलं. आठ दिवस बरे गेले. मग पावसाने जोर धरला आणि आमच्या काळ्या मातीने आपला गुण दाखवला. ती माती तुम्हाला ठाऊक असेल तर सांगायला नको. माणसाची चप्पल काढून घेते, तिथे कोंबडीची काय कथा. बोटांना माती चिकटायची, तीवर आणखी माती, आणि ती वाळली की प्रत्येक बोटाच्या टोकाला लिंबाएवढा गोळा. कोंबड्या पैंजण घातल्यासारख्या फेंगड्या चालायच्या. अंडी चिखलात माखलेली. मी रोज त्यांचे पाय कोमट पाण्यात बुडवून गोळे सोडवायची. आणि कोरडी जागा शोधत त्या कुंपणावरून उडून कुठे जायच्या? अंगणात! चोपलेल्या, रेघ काढलेल्या, कोरड्या अंगणात. पहिल्या दिवशी तुरेवाल्याने बरोबर मधोमध आपली नखं घासली. नायकण ओरडली ती शेतातल्या माणसांना ऐकू गेली. तीज अजून लांब होती, म्हणून कोंबड्या तेवढ्यावर सुटल्या.

म्हणजे वाडग्याच्या जमिनीवर काहीतरी टाकायला हवं, हे सगळ्यांनाच कळलं. काय टाकायचं, यावर मात्र घरात जितकी तोंडं तितक्या बाता.

सासऱ्याचा मान पहिला. त्याच्या तरुणपणी आमचे लोक बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव जायचे, ते लदेणीचे दिवस त्याच्या डोक्यातून गेले नव्हते. कोणताही प्रश्न आला की तो लदेणीपासून सुरुवात करायचा. "आमचा बाप चिखलात बैल बसू देत नव्हता," तो म्हणाला. "मुरूम टाकत होता, मुरूम! त्याच्यावर बैल टिकते, त कोंबडी काय चीज हाय?" त्याने नाल्याच्या काठचा मुरूम बैलगाडीत भरून आणला आणि स्वतः पसरला. पाणी खाली जिरलं, चिखल गेला, हे कबूल केलं पाहिजे. पण मुरूम ताजा खणलेला, त्यात खडे टोकदार. कोंबडीला उकरल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी उकरलं आणि चार दिवसांत दोघी लंगडायला लागल्या. मी त्यांच्या तळव्यांना हळद-तेल लावलं. सासरा म्हणाला, ह्या कोंबड्या नाजूक आहेत. माझ्या याडीच्या कोंबडीला नाजूक म्हणणारा तो जगातला पहिला माणूस.

मग माझा नवरा पुढे झाला. नाव रामलाल, तेव्हा मी घेत नव्हते, आता म्हातारपणी घेते. तो हंगामात दिग्रसच्या एका जिनात कामाला जायचा. तिथे रुई काढताना जो कचरा पडतो, तो त्याने पोतं भरून आणला आणि मुरमावर अंथरला. "गादी हाय गादी! जिनवाल्या शेटच्या घरी बी अशी नसन," म्हणाला. दिसायला खरंच छान दिसत होतं. कोंबड्या त्यावर बसल्या, आणि मग त्यांनी गादी खायला सुरुवात केली. सरकीचे बारीक दाणे वेचायला जायचं आणि त्याबरोबर रुईचे धागेही गिळायचे. कबरीच्या गळ्याखालची पिशवी फुगून दगडासारखी झाली. तिने खाणं टाकलं, मान खाली घातली. मी तिला मांडीवर घेऊन तिळाचं तेल पाजलं आणि ती गाठ बोटांनी चोळत बसले. चोळताना मला एकच वाटत होतं, याडीला मी शेवटच्या दिवसांत भेटू शकले नाही, आता हिलाही जाऊ देऊ नकोस देवा. संध्याकाळी गाठ सैल झाली. कबरीने उठून आधी मला टोच मारली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्यातच पावसात ती गादी भिजून तिची घोंगडी झाली आणि तिला असा वास सुटला की नवऱ्याने स्वतःच गुपचूप ती उपसून नेली.

आता तुम्ही विचाराल, तुला माहीत नव्हतं का काय टाकायचं? होतं की! माझं सगळं बालपण त्या पसाऱ्यात गेलं होतं. पण तोंड उघडलं असतं तर काय सांगणार होते? की माझ्या याडीसारखं करा? जिच्या घरी झाडणी गहाण पडली होती, तिच्यासारखं? सासऱ्यासमोर तर आम्ही सुना बोलतच नव्हतो, आणि नायकणीसमोर बोलून याडीला मेल्यावर पुन्हा एक टोमणा खायला लावायचा, हे माझ्या जिवावर यायचं. कोंबड्याही जगाव्यात आणि याडीचं नावही निघू नये, असं मला हवं होतं. दोन्ही कसं जमणार होतं?

तीज जवळ आली. एक दिवस मी निंदणाहून परत आले आणि वाडग्यापाशी थबकले. नायकणीने सगळ्या पुरुषांची अक्कल बाजूला सारून वाडगंच सारवून काढलं होतं! मुरमावर माती, मातीवर शेण, शेणावर चोपणी. भिंतीपासून कुंपणापर्यंत आरशासारखं गुळगुळीत, आणि कडेने पांढरी रेघसुद्धा. तांड्यातल्या बायका बघायला आल्या होत्या. कोंबड्या मात्र कडेला ओळीने उभ्या होत्या, बसा म्हणेपर्यंत पाहुणे उभे राहतात तशा.

"आता सांग," नायकण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हाय का चिखल? हाय का खडा?"

चिखल नव्हता, खडा नव्हता. आणि कोंबडीला करायला कामही नव्हतं. तुरेवाल्याने नखं मारून पाहिली, नख आत जाईना. विष्ठा पडायची ती वरच पडून राहायची. नायकण सकाळी झाडायची, संध्याकाळी झाडायची, रोज नवा हात फिरवायची. श्रावणातल्या हवेत ते कधी धड वाळायचं नाही. कोंबड्या ओल्यावर उभ्या राहून शिंकायला लागल्या, अंडी बंद झाली. नायकण म्हणायची, होईल सवय. माणसाला स्वच्छतेची सवय होते, तर कोंबडीला का नाही?

मग एका सकाळी खुराडं उघडल्याबरोबर कबरी कुंपणावर चढली. बाकीच्या तिच्यामागे. नायकण अंगणाच्या तोंडाशी काठी घेऊन उभी राहिली, पण त्या अंगणाकडे वळल्याच नाहीत. सरळ शकुबाईच्या उकिरड्यावर गेल्या! दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी शकुबाई ओढणीच्या सोग्यात अंडी घेऊन आमच्या दाराशी आली. द्यायला नव्हे, दाखवायला.

"काय व बिजली," ती गोड आवाजात म्हणाली, "तुया देवळात कोंबड्याईले चपला काढून जा लागते का? बिचाऱ्या माह्या घरी येऊन अंडे देऊन राह्यल्या."

विहिरीवर दुपारपर्यंत तेच बोलणं. नायकणीचं सारवण आणि शकुबाईची अंडी! वर शकुबाईने पुडी सोडली की घरच्या कोंबड्या ज्या जागेला कंटाळतात, तिथे तीज कशी नाचणार? हे ऐकल्यावर नायकण कोंबड्या आजच बाजारात धाडणार, याची मला खात्री होती.

पण ती मला म्हणाली, "चाल." आम्ही दोघी शकुबाईच्या उकिरड्यापाशी गेलो. वर छपराची वळचण होती, म्हणून तो भाग कोरडा होता. त्यात ज्वारीचं कुटार, चुलीची राख, वाळका पाला. कोंबड्या त्यात अशा रमल्या होत्या की आमच्याकडे बघायलाही तयार नाहीत. उजव्या पायाने उकर, डाव्या पायाने उकर, मागे सर, टिप. कबरी राखेत अंग लोळवून पंख पसरून पडली होती, डोळे मिटून. किती तरी दिवसांनी ती मला सुखात दिसली. आणि मला एकदम याडीच्या घरामागचा पसारा दिसला. मी तिथेच रडायला लागले, नायकणीसमोर, घुंगट न ओढता.

नायकण बराच वेळ कोंबड्यांकडे बघत राहिली. घरी येऊन तिने कुदळ उचलली आणि वाडग्यात शिरली. मी कुदळ घ्यायला पुढे झाले.

"सर तिकडं," ती म्हणाली. "सारवलं मी, मोडन बी मीच."

जिच्या सारवणाला कधी तडा गेला नव्हता, तिने स्वतःच्या हाताने ते फोडलं. ढेकळं निघत होती. पांढरी रेघ तिने सगळ्यात शेवटी मोडली. मग घाम पुसत दगडावर बसली.

"तुयी याडी काय टाकत होती व?"

"कुटार," मी म्हणाले. "तुरीचं, जवारीचं, जे असन ते. सागाचा वाळला पाला. एका कोपऱ्यात चुलीची राखड. वरून छप्पर पुढं काढलं होतं, ओल येत नव्हती. अन् झाडत नव्हती."

"अजिबात?"

"अजिबात. मूठभर दाने फेकत होती, मंग कोंबड्याच सारं खालवर करत होत्या. म्हने, कोंबडीले हात नाहीत, पाय हायेत. पायाले काम देल्लं का ती घर सोडून जात नाही."

"मंग आजपरेंत तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?"

"तुम्ही म्हनत होत्या ना, झाडणी गहाण पडली होती," माझ्या तोंडून निघून गेलं.

मला वाटलं आता काही खरं नाही. नायकणीने कुदळ भिंतीला टेकवली.

"म्हनत होती," ती म्हणाली. "तोंड हाय माह्यं, चालते." आणि उठून कुटार आणायला गेली.

मुरूम खाली राहिला, पाणी जिरवायला. सासरा त्यामुळे खूश, मूळ काम आपलंच, असं तो मरेपर्यंत सांगायचा. त्यावर ढोपरापर्यंत कुटार आणि सागाचा पाला. नवऱ्याने पळसाच्या पानांचं छप्पर पुढे काढलं. राखेचा कोपरा नायकणीने ठरवला. ओलं दिसलं की नवं कुटार, बाकी हात लावायचा नाही. हात न लावणं नायकणीला फार जड गेलं. पहिले काही दिवस ती झाडणी घेऊन कुंपणापर्यंत जायची आणि परत यायची. शेवटी मुठीत ज्वारी घेऊन जायला लागली. दाणे फेकायची आणि कोंबड्या सगळं खालवर करताना बघत उभी राहायची. वास गेला. शिंका गेल्या. कबरी खुराड्यात अंडं द्यायला लागली आणि ते जगाला ओरडून सांगायला लागली. त्या वर्षी तीज आमच्याच अंगणात नाचली, आणि त्या दिवसांत अंगणात एक नखही उमटलं नाही.

बाजाराचं नाव पुन्हा निघालं नाही. मला तेवढंच पुरे होतं. नायकणीने याडीबद्दल यापुढे काही म्हटलं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही, आणि मी त्यातच सुखी होते.

पुढच्या उन्हाळ्यात वाडग्यातलं तळचं कुटार काढलं तेव्हा ते कुटार राहिलंच नव्हतं. काळी, भुसभुशीत, हातात घेतली तर बोटांमधून सांडणारी माती झाली होती. वाससुद्धा चांगला, पाऊस पडून गेलेल्या वावरासारखा. श्रावणात पोरी टोपल्या भरायला निघाल्या. रीतीप्रमाणे वारुळाची माती आणि बकऱ्यांच्या लेंड्या. नायकणीने त्यांना हाक मारली. "वारुळाची आनाच, पन अर्धी इथली घ्या."

त्या वर्षीचा गहू तांड्याने कधी पाहिला नव्हता. टोपलीत बोट घालायला जागा नाही इतका दाट, आणि हिरवागार. तिजेचा गहू चांगला आला की वर्ष चांगलं जातं म्हणतात. शेवटच्या दिवशी सगळा तांडा अंगणात जमला. म्हातारे टोपल्या हातात घेऊन बघत होते. शकुबाईला राहवेना.

"बिजली, माती कुठली व ही?"

आता ‘माझ्या वाडग्यातली’ म्हणेल, असं मला वाटलं. म्हटलं असतं तर तिचा हक्कच होता. कुटार तिनेही उचललं होतं. नायकणीने ओढणी सारखी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"माह्या विहिणीची हाय. जमनीच्या याडीची. कोंबड्या तिच्या, रीत बी तिचीच. आम्ही फक्त जागा देल्ली."

घुंगटाची एक सोय असते, आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. मी खाली बघत उभी राहिले आणि माझी चोळी भिजत राहिली. बायका माझ्याकडे वळून बघत होत्या. माझ्या याडीचं नाव, जे मी एवढे दिवस लपवून ठेवलं होतं, ते साऱ्या तांड्यात निघालं होतं.

मग पोरींनी रोपं खुडली. पहिली मूठ मानाची, ती नायकणीच्या हातात दिली. तिने ती कपाळाला लावली आणि कुणाला काही न सांगता घरामागे गेली. मी मागोमाग गेले. ती कुंपणापाशी उभी होती.

"विहिणीचा वाटा," ती म्हणाली, आणि ती हिरवी मूठ तिने कुटारावर टाकली. कबरी सगळ्यांना ढकलून आधी आली.